गाडी उभी राहिली की तापते, पळाली की निवते

काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. बीडहून सोलापूरच्या दिशेला एका लग्नाला निघालो होतो. जुनी पेट्रोल गाडी, आत आम्ही पाच जण, शिवाय आहेराचं सामान. शहरातून बाहेर पडायलाच अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात तापमान दाखवणारा काटा मधल्या खुणेच्या बराच वर गेला. मात्र मोकळ्या रस्त्याला लागून गाडीनं वेग घेतला तसा काटा आपोआप खाली आला, आणि आम्ही निर्धास्त झालो. पुढे मांजरसुंब्याचा घाट लागला. पुढे मालमोटारींची रांग, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. बघता बघता काटा लाल पट्ट्यात गेला आणि बोनेटच्या फटीतून वाफ येऊ लागली.

गाडी कडेला घेतली. आमच्यातले एक सहकारी शिक्षक जुन्या जीपवर हात बसलेले. त्यांनी पंचा गुंडाळून रेडिएटरचं झाकण फिरवलं. पुढचं सगळं दोन सेकंदांत घडलं. उकळत्या पाण्याचा फवारा त्यांच्या मनगटापासून कोपरापर्यंत आला. जवळच्या पाण्याच्या कॅनमधलं पाणी सतत हातावर ओतत त्यांना दवाखान्यात नेलं. हात पूर्ण बरा व्हायला दीड महिना गेला. लग्न अर्थातच चुकलं.

त्यानंतर गाडी दोन-तीन गॅरेजांत फिरली. एकानं रेडिएटर जाम आहे म्हणून तो साफ केला. दुसऱ्यानं थर्मोस्टॅट काढून टाकला, “आपल्या हवेत त्याची गरजच नाही,” म्हणाला. तिसरा हेड गॅस्केटवर आला होता. शेवटी आमचाच एक जुना विद्यार्थी, जो आता गाड्यांचं वायरिंग करतो, त्यानं मला एकच प्रश्न विचारला : “सर, गाडी उभी असताना तापते की पळताना?”

या प्रश्नातच निदान होतं, आणि त्याचं उत्तर मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. वर्गात संवहन शिकवणाऱ्या माणसाला ते सुचलं नाही, ही माझी लाज. ते का सुचायला हवं होतं, ते आता पाहू.

उष्णता येते किती?

एक लिटर पेट्रोल जाळलं की सुमारे ३२,००० किलोज्यूल उष्णता मिळते. समजा, गाडी ताशी ६० किलोमीटर वेगानं जाते आहे आणि लिटरला १५ किलोमीटर देते. म्हणजे तासाला ४ लिटर, म्हणजेच १,२८,००० किलोज्यूल. याला ३६०० सेकंदांनी भागा. दर सेकंदाला सुमारे ३५ किलोज्यूल, म्हणजे ३५ किलोवॅट. यातला जेमतेम चौथा हिस्सा चाकांच्या कामी येतो, बराच भाग धुराबरोबर सायलेन्सरमधून जातो, आणि ढोबळमानानं एक तृतीयांश इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्यात उतरतो. तो सुमारे १२ किलोवॅट. घरातली पाणी तापवायची कॉइल एक किलोवॅटची धरली, तर अशा बारा कॉइली त्या चार-पाच लिटर पाण्यात एकाच वेळी बुडवून ठेवल्या आहेत अशी कल्पना करा.

आता ही उष्णता बाहेर टाकणं थांबलं तर काय होईल? पाच लिटर पाण्याचं तापमान एक अंशानं वाढवायला २१ किलोज्यूल लागतात. इंजिनाचं धातूचं वजन १०० किलो धरलं तर त्याला आणखी सुमारे ४५. मिळून ६६. दर सेकंदाला १२ किलोज्यूल येताहेत, तर दहा अंश चढायला साधारण ५५ सेकंद. म्हणजे ९० अंशांवर सुखात चालणारं इंजिन एका मिनिटात शंभरी गाठतं. काटा वर जाताना दिसूनही “पुढच्या गावापर्यंत जाऊ” म्हणणाऱ्यांनी हा हिशोब एकदा स्वतः करून पाहावा.

उष्णता बाहेर टाकायचं काम रेडिएटरचं. इंजिनात तापलेलं पाणी पंप तिथं ढकलतो, ते बारीक नळ्यांतून उतरतं, नळ्यांना चिकटलेल्या पातळ पत्र्यांमधून हवा जाते आणि उष्णता घेऊन निघून जाते. ही देवाणघेवाण पाणी आणि हवा यांच्या तापमानांतल्या फरकावर अवलंबून असते. पाणी ९५ अंशांवर असेल आणि डिसेंबरातल्या पहाटेची हवा १२ अंशांची असेल, तर फरक ८३ अंशांचा. मे महिन्याच्या दुपारी हवा ४३ अंशांवर असली की फरक उरतो ५२. म्हणजे तोच रेडिएटर, तेवढीच हवा, पण उष्णता टाकण्याची ताकद हिवाळ्याच्या सुमारे ६३ टक्के. थोडासा बिघड थंडीत झाकला जातो आणि उन्हाळ्यात उघडा पडतो, तो असा. एसी लावला तर आणखी भर पडते, कारण एसीची गरम जाळी बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्या अगदी पुढे असते आणि रेडिएटरकडे येणारी हवा आधीच तापवून सोडते.

वारा दोन प्रकारचा

रेडिएटरला हवा मिळते ती दोन मार्गांनी. गाडी वेगात असेल तर समोरचा वारा जाळीतून आपोआप आत घुसतो. गाडी उभी असेल किंवा रांगत असेल, तर हा वारा नसतो. तेव्हा पंखा हवा.

जुन्या अँबॅसिडरमध्ये, जीपमध्ये आणि ट्रॅक्टरमध्ये हा पंखा इंजिनानंच फिरवला जायचा, पट्ट्यानं. इंजिन चालू की पंखा चालू. साधी, भरवशाची रचना, पण गरज नसतानाही तो शक्ती खात राहतो. आजच्या बहुतेक मोटारगाड्यांत पंखा विजेच्या मोटारीवर चालतो आणि पाणी ठरावीक तापमानाला पोचलं तरच सुरू होतो. इंधन वाचतं, आवाज कमी होतो. पण एका पट्ट्याच्या जागी आता फ्यूज, रिले, तापमान ओळखणारा सेन्सर, तारा, कपलर आणि मोटार अशी साखळी आली. तिच्यातली एक कडी तुटली तरी पंखा गप्प, आणि मोकळ्या रस्त्यावर ते कळतही नाही.

घाटात काय होतं पाहा. गाडी आणि माणसं मिळून १३५० किलो, चढ २०० मीटरचा, वेळ सहा मिनिटं असं धरा. वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची, म्हणजे सुमारे २६.५ लाख ज्यूल. ३६० सेकंदांनी भागलं की सात किलोवॅटच्या वर. हे झालं प्रत्यक्ष काम. इंजिनाची कार्यक्षमता एक चतुर्थांश धरली तर फक्त चढण्यासाठी तीस किलोवॅटचं इंधन जाळावं लागतं, आणि त्यातले दहा किलोवॅट पाण्यात येतात. म्हणजे सपाट रस्त्यावर साठच्या वेगाला जेवढी उष्णता, जवळपास तेवढीच इथं केवळ चढामुळे, आणि वारा मात्र निम्म्याहून कमी. पंखा बंद असेल तर घाट त्याला लगेच उघडं पाडतो.

आता माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न पुन्हा वाचा. गाडी बाजारात, रेल्वे फाटकापाशी, घाटात तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर पाणी फिरतं आहे, पंप ठीक आहे, रेडिएटर बहुधा मोकळा आहे. उणीव आहे ती वाऱ्याची. संशयित पंखा. याउलट गाडी रहदारीत ठीक आणि ताशी ८०च्या वेगाला सलग पळवली की तापत असेल, तर वारा भरपूर असूनही उष्णता बाहेर पडत नाही. मग दोष पाण्याच्या बाजूला : पाणी कमी, रेडिएटर आतून चोंदलेला, पंप कमजोर, किंवा थर्मोस्टॅट पुरता न उघडणारा. आमच्या गाडीचा रेडिएटर साफ करणाऱ्यानं आणि थर्मोस्टॅट काढणाऱ्यानं दुसऱ्या रोगावरचं औषध दिलं होतं.

पंखा का फिरत नाही, हे शोधायची रीतही अशीच पायरीपायरीची आहे. पण एक सूचना आधी. इंजिन बंद असलं तरी विजेचा पंखा अचानक सुरू होऊ शकतो, तेव्हा गरम गाडीत पात्यांजवळ बोटं, ओढणी किंवा पंचा जाऊ देऊ नये. इंजिन चालू ठेवून काटा मध्याच्या थोडा वर जाईपर्यंत थांबायचं. पुष्कळ गाड्यांत एसी लावताच पंखा फिरायला हवा, ही आणखी सोपी चाचणी. नाही फिरला तर फ्यूज पाहायचा. फ्यूज शाबूत असेल तर रिले. शेजारी त्याच क्रमांकाचा दुसरा रिले असेल, हॉर्नचा वगैरे, तर अदलाबदल करून पाहता येते. तरीही नाही, तर इंजिन बंद करून, गाडी थंड झाल्यावर पंख्याचा कपलर सोडवायचा आणि फ्यूज लावलेल्या दोन तारांनी बॅटरीची वीज थेट मोटारीला द्यायची. मोटार फिरली तर ती निर्दोष, दोष अलीकडे. नाही फिरली तर मोटार जळालेली किंवा तिचे कार्बन झिजलेले. मोटार ठीक, फ्यूज ठीक, रिले ठीक असं निघालं, तर उरतात सेन्सर आणि तारा. सेन्सरचा रोध तापमान वाढेल तसा कमी होत जातो. मल्टिमीटर लावून थंड आणि गरम इंजिनावरचे आकडे ताडून पाहता येतात.

आमच्या गाडीत मोटार थेट विजेवर झकास फिरली. दोष कपलरमध्ये होता. त्याची एक पिन सैल झाली होती आणि भोवतीचं प्लॅस्टिक काळं पडून वितळलं होतं. एवढीशी पिन जळते कशी? पंख्याची मोटार दहा अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते. सैल जोडाचा रोध अवघा ०.२ ओहम झाला आणि प्रवाह ९ अँपिअर राहिला, तर प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे सुमारे १६ वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डाखण्याची सळई २५ वॅटची असते. तुरीच्या दाण्याएवढ्या जागेत १६ वॅट म्हणजे प्लॅस्टिक वितळणारच. कपलर बदलायला चहाच्या खर्चाच्या जवळपास पैसे लागले. त्याआधी किती गेले ते सांगत नाही.

झाकण का उघडू नये

समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून उत्कलनबिंदूही कमी. साधारण दर ३०० मीटरला एक अंश. बीड शहर सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे इथं उघड्या पातेल्यात पाणी ९८च्या थोडं पुढे उकळतं, आणि बालाघाटच्या माथ्यावर आणखी कमी अंशांना. रेडिएटरचं झाकण मात्र प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखं काम करतं. त्यातली स्प्रिंग आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे ०.९ किलो प्रति चौरस सेंटिमीटरनं जास्त होईपर्यंत वाफेला बाहेर जाऊ देत नाही. त्या दाबाला पाणी ११५ अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही.

आता कोणी झाकण उघडलं. दाब क्षणात उतरला. ११५ अंशांचं पाणी ९८ अंशांना यायलाच हवं, आणि जास्तीची १७ अंशांची उष्णता त्यातलंच काही पाणी वाफ करण्यात खर्च होते. पाच लिटरमागे ही उष्णता सुमारे ३५७ किलोज्यूल. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २२६० लागतात. तेव्हा वाफ होते ती जेमतेम १६० ग्रॅमची. ऐकायला थोडं वाटतं. पण एवढ्या पाण्याची वाफ अडीचशे लिटरहून अधिक जागा व्यापते, आणि ती जागा मिळवताना उरलेलं उकळतं पाणी तोंडातून पुढे ढकलते. आमच्या मित्राच्या हातावर आलं ते हे पाणी. पंचानं झाकण धरता येतं, फवारा अडवता येत नाही.

म्हणून गाडी उकळली की बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावं, आणि निदान अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नये. गरम इंजिनावर गार पाणी ओतू नये. धातू एका बाजूनं अचानक आकसला तर हेडला तडा जाऊ शकतो. थांबायला जागाच नसेल तर एसी बंद करून आतला हीटर पूर्ण लावावा. मे महिन्यात ही शिक्षा वाटेल, पण हीटर म्हणजे छोटा दुसरा रेडिएटरच असतो आणि तो थोडी उष्णता काढून घेतो. आणखी एक फसवी गोष्ट : काटा वर जाऊन एकाएकी खाली आला, तर हायसं वाटून घेऊ नये. पाणीच संपलं असेल तर सेन्सर हवेत उघडा पडतो आणि खोटं बोलतो.

भाजलेल्या हातावर वीस मिनिटं वाहतं साधं पाणी सोडावं. बर्फ, टूथपेस्ट, हळद यांतलं काही लावू नये.

बोअरचं पाणी

दुष्काळी भागात गाडीत पाणी घालायचं म्हणजे जे हाताशी असेल ते, आणि ते बहुधा बोअरचं. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यात कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअमचे क्षार भरपूर. घरात पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरा थर बसतो तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो, कारण पाणी तापलं की विरघळलेल्या बायकार्बोनेटचं न विरघळणारं कार्बोनेट होतं. या थरातून उष्णता अ‍ॅल्युमिनिअमच्या मानानं शंभरावा हिस्सा किंवा त्याच्या आसपासच वाहते. शिवाय नळ्या अरुंद होतात त्या वेगळ्याच. दोन-तीन उन्हाळे असं पाणी घातलं की गाडी “पळताना तापणाऱ्या” गटात जाते.

यावर उपाय कूलंट. त्याबद्दल एक गैरसमज आहे की ते पाण्यापेक्षा जास्त उष्णता वाहून नेतं. तसं नाही. इथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या पाण्याची विशिष्ट उष्णता शुद्ध पाण्याहून कमीच असते. त्याचा फायदा असा की निम्मं-निम्मं मिश्रण नेहमीच्या दाबाला १०७ अंशांच्या आसपास उकळतं, आणि त्यातली गंजरोधक द्रव्यं धातू खाऊ देत नाहीत. पातळ करायला ऊर्ध्वपातित पाणीच वापरावं. कूलंट चवीला गोड आणि विषारी असतं, म्हणून उरलेलं उघड्या भांड्यात ठेवू नये. मुलं आणि जनावरं दोघांनाही धोका.

आणि चांगल्या गाडीत पाणी पुन्हापुन्हा घालावंच लागत नाही. व्यवस्था बंदिस्त असते. दर आठवड्याला पातळी उतरत असेल तर ते कुठंतरी जातंय : होज पाईपातून, पंपाच्या सीलमधून, किंवा हेड गॅस्केटमधून इंजिनात. शेवटचं असेल तर धूर पांढरा येतो आणि इंजिन ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं. मग मात्र गॅरेजच.

सुरुवातीला असं नव्हतं. कार्ल बेंझच्या पहिल्या मोटारीत पाणी उकळून वाफ होऊन जायचं. १८८८च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बेर्टा दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत, सुमारे शंभर किलोमीटर, ती गाडी घेऊन गेली, तेव्हा वाटेत तिला वारंवार पाणी भरावं लागलं.

वाफ करून उष्णता घालवणं सोपं आहे खरं. एक किलो पाणी दहा अंशांनी तापलं तर ४२ किलोज्यूल नेतं, वाफ झालं तर त्याच्या पन्नासपटींहून जास्त. आपला माठ त्यावरच चालतो, आणि परळीच्या औष्णिक वीज केंद्राचे शीतक मनोरेही. मनोऱ्यांतून दिसणारा तो पांढरा ढग म्हणजे धूर नव्हे, उष्णता घेऊन निघालेलं पाणी. पण हे पाणी परत येत नाही, ते सतत भरावं लागतं. २०१३च्या फेब्रुवारीत, दुष्काळात, गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातलं पाणी आटलं आणि परळीचे सगळे संच बंद करावे लागले. २०१५च्या पावसाळ्यात पुन्हा तीच वेळ आली. कोळसा होता, यंत्रं होती, निववायला पाणी नव्हतं. मोटारीचा रेडिएटर पाणी खर्च न करता केवळ हवेवर निभावतो, म्हणून त्याला एवढा पंखा लागतो.

वर्गात करण्याजोगं

गॅरेजमधून काढून टाकलेला थर्मोस्टॅट मागून आणा. बहुधा फुकट मिळतो. त्याच्यावर ८२, ८८ असा आकडा कोरलेला असतो. त्याला दोरा बांधून तापमापीसह पाण्याच्या पातेल्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका, आणि पाणी सावकाश तापवा. आतलं मेण वितळून फुगतं आणि झडप उघडते. उघडायला लागल्याचं आणि पूर्ण उघडल्याचं अशी दोन तापमानं मुलांनी टिपायची, मग पाणी निवताना मिटल्याचं तिसरं. मिटण्याचं तापमान उघडण्याच्या तापमानाशी जुळत नाही, असं बहुतेक वेळा दिसेल. का, यावर चर्चा रंगते. हा थर्मोस्टॅट थंड इंजिन लवकर गरम व्हावं म्हणून असतो. तो काढून टाकला की इंजिन जास्त वेळ थंड चालतं, पेट्रोल जास्त खातं, आणि पंखा बंद असेल तर बाजारात तापायचं ते तापतंच. आमच्या गाडीनं हे दोन्ही करून दाखवलं होतं.

दुसरा प्रयोग दोन मिनिटांचा. सुई नसलेल्या नव्या सिरिंजमध्ये ६०-७० अंशांचं थोडं पाणी घ्या, हवा काढून टाका, तोंड रबरी बुचानं बंद करा आणि दट्ट्या जोरात ओढा. पाणी उकळू लागतं. रेडिएटरच्या झाकणाची गोष्ट यानंतर सांगितली तर फळ्यावर काही लिहावं लागत नाही.

आमच्या गाडीचा तो जळका कपलर आता प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. मुलांना तो देऊन मी गाडीची लक्षणं सांगतो आणि दोष ओळखायला लावतो. गेल्या वर्षी आठवीतल्या एका मुलीनं पहिलाच प्रश्न विचारला : “सर, तेव्हा एसी लावला होता का? आणि लावल्यावर पंख्याचा आवाज आला होता का?” आवाज आला होता की नाही, ते मी तेव्हा ऐकलंच नव्हतं.